पेपर का सोडला, तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, मंडईत, बँकेच्या लाइनीत कुणीतरी ओळखीचं भेटतं आणि विचारतं, "ताई, एवढी वर्षं पेपरात होता, मग सोडलं कशाला? आणि आता चुकल्याचुकल्यासारखं होतं का हो?" मी बहुतेक वेळा "घरच्यांना वेळ देता येत नव्हता" एवढं सांगून मोकळी होते. ते खोटं नाही पण पुरं उत्तर पण नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या मुलीनं, तिला पत्रकारितेचा कोर्स करायचाय, अगदी मनापासून हेच विचारलं आणि मला तिला धड काही सांगता आलं नाही, म्हणून आता बसून लिहितेय.

मी २००१ साली सांगलीत एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात प्रूफरीडर म्हणून लागले, पगार २,२०० रुपये. दोन वर्षांनी उपसंपादक झाले आणि २०२२ पर्यंत डेस्कवरच, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानात लावायच्या कामावरच राहिले. बातमीदारी फारशी केली नाही, पेपरात नाव छापून यायचं ते वर्षातून एखाद्या वेळी, त्यामुळे नाव जाण्याचं दुःख मला कधी झालं नाही. मला आठवण येते ती वेगळ्याच गोष्टीची.

२००५ चा महापूर. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. तेव्हा सगळ्यांच्या हातात मोबाइल नव्हता, ऑफिसचा लँडलाइन रात्रभर वाजायचा, गावभागातून, सूर्यवंशी प्लॉटमधून, कर्नाळ रोडवरून, आणि प्रश्न एकच, "पाणी किती झालंय?" मी दर तासाला पाटबंधारे खात्याच्या पूर नियंत्रण कक्षाला फोन लावायचे, फूट आणि इंच दोन्ही लिहून घ्यायचे, कोयना धरणातून किती क्युसेक सोडलंय ते विचारायचे आणि तो कागद फोनशेजारी चिकटवायचे, म्हणजे फोन कुणीही उचलला तरी आकडा एकच सांगितला जावा. पहिल्या रात्री मी मागच्या तासाचाच आकडा एका माणसाला सांगून टाकला होता. आमच्या वृत्तसंपादकांनी ते ऐकलं, ते ओरडले नाहीत, बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "अगं, तुझ्या आकड्यावर तिकडं माणसं सामान माळ्यावर टाकायचं की पोरांना घेऊन बाहेर पडायचं ते ठरवतायत." मी त्या माणसाला परत फोन केला. त्याचा नंबर घेतला नव्हता, डिरेक्टरीत आडनाव शोधून तिसऱ्या फोनला तो सापडला.

हे काम होतं. हळदीच्या सौद्याचे भाव असोत, दहावीच्या निकालाचा आकडा असो, अपघातात गेलेल्या माणसाच्या नावाची वेलांटी असो, कुणीतरी एक माणूस दुसऱ्याला फोन करून विचारायचा की बाबा हे असंच आहे ना, आणि मगच पान छपाईला सोडायचो. शहर आवृत्तीचं शेवटचं पान साडेबाराला सुटायचं, म्हणजे रात्री बारा वाजताचं पाणी सकाळी सहाला दारात छापून पडायचं. घरी जायला दीड वाजायचा, ऑफिसची जीप सोडायला यायची, आई जागी असायची. थकायला व्हायचं पण झोप शांत लागायची.

मग ते हळूहळू गेलं. सगळ्यात आधी प्रूफरीडरची पोस्ट रद्द झाली. नंतर इथली छपाई बंद करून पानं लावायचं काम दुसऱ्या शहरातल्या हबला दिलं, तिथून गाड्या भरून इकडे यायच्या म्हणून आमची डेडलाइन साडेबारावरून साडेदहा आणि पुढं साडेआठ झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, २००५ पेक्षाही वर, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसं बुडाली, अर्धी सांगली पाण्यात, आणि आम्ही सकाळी छापत होतो तो आकडा आदल्या संध्याकाळचा. व्हॉट्सॲपवर धरणाला भेग पडल्याची अफवा रात्री अकराला फिरायला लागली, माझ्या ओळखीतली माणसं म्हाताऱ्यांना उचलून अंधारात बाहेर पडली, आणि आमचं पान केव्हाच सुटलेलं होतं. त्या रात्री मी घरी बसून ओळखीच्या लोकांना एकेक करून फोन करत होते. मला वाटतं मनानं मी तेव्हाच बाहेर पडले होते, राजीनामा द्यायला तीन वर्षं लागली.

पैशाचं गणित मला कळत नाही असं नाही. पेपर ज्या किमतीला मिळतो त्यात कागदाचा आणि छपाईचाही खर्च निघत नाही, बाकी सगळं जाहिरातीवर. जाहिरात मोबाइलकडे गेली. कागद मोठ्या प्रमाणात बाहेरच्या देशांतून येतो, युक्रेनचं युद्ध सुरू झालं तसा तो आणखी महागला. मधे लॉकडाउन, एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारनं घरोघरी पेपर टाकायला बंदीच घातली, ती लवकरच सैल झाली पण तोवर लोकांना पीडीएफची सवय लागली आणि पेपर टाकणारी किती पोरं दुसऱ्या कामाला गेली. हे सगळं खरं आहे. पण वाचक कमी झाले म्हणून पेपर खालावले असं जे सरसकट म्हणतात ते मला पटत नाही. माझ्या डोळ्यांसमोरचा क्रम उलटा होता, आधी तपासणारी माणसं काढली आणि मग वाचक जायला लागले. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीचे जे मिळायचं त्यात गाडीचं पेट्रोल भागत नव्हतं, तो जाहिरातीच्या कमिशनवर जगायचा, आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीचं टार्गेट आलं की ज्या कारभाऱ्याविरुद्ध लिहायचं त्याच्याच दारात शुभेच्छांची जाहिरात मागायला जायचा. त्याला मी कधी दोष दिला नाही.

आणि एक गोष्ट, जी मी सहसा सांगत नाही. पेपरातल्या लोकांचे पगार ठरवून देणारा मजिठिया वेतन आयोग केंद्र सरकारनं ११ नोव्हेंबर २०११ ला अधिसूचित केला, ७ फेब्रुवारी २०१४ ला सुप्रीम कोर्टानं तो उचलून धरला. आमच्या ऑफिसात त्याच सुमारास एक छापील कागद फिरला, "मला आहे तोच पगार मान्य आहे". दोघांनी सही केली नाही, त्यांची बदली लांब झाली. मी सही केली. लेक तेव्हा चौथीत होती, नवऱ्याचं काम नुकतंच गेलं होतं, कारणं खरी होती, तरी दिवसभर दुसऱ्यांच्या हक्काच्या बातम्या लावणारी बाई स्वतःच्या हक्कावर पाणी सोडून आली हे मला आजही सलतं.

सोडल्यावर पहिले दोन महिने मी फक्त झोपले. इतकं हलकं वाटत होतं की त्याचीच लाज वाटायची, कारण मागे राहिलेले माझे लोक तिथंच होते, त्यातल्या एकाचा पगार तीन हप्त्यांत यायचा. आता मी एका शिक्षण संस्थेत जनसंपर्काचं काम करते, पगार वेळेवर, रविवारी सुट्टी, लेकीच्या बारावीच्या वर्षी मी रोज संध्याकाळी घरी होते. हे मला हवं होतं आणि मिळालं. परत जाशील का असं कुणी विचारलं तर नाही. पण पावसाळ्यात रात्री दोनला जाग येते आणि मी अजून पूर नियंत्रण कक्षाला फोन लावते, आकडा लिहून घेते, आणि मग तो कुणाला सांगायचा ते कळत नाही.

गेल्या वर्षी संस्थेच्या कार्यक्रमाची प्रेसनोट पाठवली, त्यात माझ्याकडून तारीख चुकली, वार शनिवार आणि तारीख रविवारची. तीन पेपरांत तशीच छापून आली, शब्दाला शब्द. एकाही ठिकाणाहून फोन आला नाही. त्यातला एक माझाच जुना पेपर. मी डेस्कवर फोन लावला, नवीन मुलगा होता, मी त्याला म्हटलं, "अरे, वार आणि तारीख जुळत नाही म्हटल्यावर एक फोन करायचा ना." तो आदरानं बोलला, म्हणाला, "मॅडम, साडेआठच्या आत सहा पानं सोडायची असतात, आणि डेस्कवर मी एकटाच आहे."

मला पुढं काही बोलता आलं नाही. त्याला माझा नंबर दिला, काही विचारायचं असलं तर कितीही वाजता कर म्हटलं. अजून तरी त्याचा फोन आलेला नाही.