वेस माँटगोमरीच्या रचना तिघांत बसवताना

अमेरिकन जॅझ गिटारवादक वेस माँटगोमरी वाजवायला घेतला की बहुतेक गिटारवादक सर्वांत आधी ऑक्टेव्हच्या मागे लागतात. उजव्या हाताच्या अंगठ्याने एकच सूर दोन सप्तकांत एकदम वाजवायचा, हा त्याचा आवाज आहेच तसा मोहात पाडणारा. पण गिटार, बास आणि ड्रम अशा तिघांत त्याच्या रचना नव्याने मांडायच्या असतील तर ऑक्टेव्ह शेवटी येऊ द्या. आधी बासची चाल, कॉर्डची (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांची) साखळी आणि मात्रांची मोजणी पक्की करा. या तीन गोष्टी शाबूत असतील तर लय, बाज, सुरावटीची जागा, काहीही बदललं तरी रचना ओळखू येते. यातली एक जरी सुटली, तरी हुबेहूब वेससारखा अंगठा चालवून हाती काही लागत नाही.

ग्वाल्हेरात हा मुद्दा पटवायला फार बोलावं लागत नाही. इथल्या गायकीत बंदिशीची स्थायी आणि अंतरा आधी पूर्ण, स्वच्छ मांडतात आणि मगच विस्ताराला हात घालतात. इथला मुरलेला श्रोता मुखडा लक्षात ठेवून बसतो आणि तो परत कसा येतो याकडे कान लावतो. म्हणून आमचा आग्रह असा, की थीम, म्हणजे रचनेची मूळ सुरावट, दोनदा, एकही सूर न सजवता, पूर्ण वाजवावी. पहिल्याच आवर्तनात फिरकी घेतली तर पुढचा सोलो कशाचा विस्तार आहे हे ऐकणाऱ्याला कळायला मार्गच उरत नाही.

वेस (1923–1968) इंडियानापोलिसचा. गिटारवादक चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्डवरून कानाने शिकलेला. नोटेशन त्याला वाचता येत नव्हतं. त्याच्या रचनांचे छापील चार्ट मिळतात, पण ते दुसऱ्यांनी उतरवलेले, आणि एकाच रचनेचे दोन चार्ट कॉर्डमध्ये जुळत नाहीत असं होतं. त्यामुळे पाया रेकॉर्डचाच. 1960 चं ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार’ घ्या. त्यात टॉमी फ्लॅनगन पियानोवर, पर्सी हीथ बासवर आणि अल्बर्ट हीथ ड्रमवर आहेत. हेडफोन लावून वेग सत्तर टक्क्यांवर आणायचा आणि पहिल्या फेरीत फक्त बास लिहून काढायचा. दुसऱ्या फेरीत पियानोचे कॉर्ड, तिसऱ्या फेरीत सुरावट. क्रम उलटा केला तर सुरावट पाठ होते, पण ती कशावर उभी आहे हे कळत नाही, आणि मग तिघांच्या बैठकीत कुणालाच खात्रीने बदल सुचवता येत नाही.

वेसने स्वतः त्रिकूटात वाजवलं आहे, रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीचा 1959 चा पहिला अल्बम आणि 1963 चं ‘बॉस गिटार’. पण त्या दोन्हींत मेल्विन राइन ऑर्गनवर आहे. तिथे बासही ऑर्गनचा आणि मागचे कॉर्डही ऑर्गनचेच. बास गिटारवाल्या त्रिकूटाला तो नमुना जसाच्या तसा चालत नाही, कारण इथे सोलोच्या मागे कॉर्ड धरणारं कुणी नसतं. ती पोकळी बघून तिघंही घाबरतात. गिटारवाला चार-चार बोटांचे कॉर्ड पेरतो, बासवाला सूर वाढवतो, ड्रमर राइड सिंबल (लय धरणारी मोठी झांज) वर चढवतो, आणि या गर्दीत रचना बुजून जाते. पोकळी राहू द्यावी. तिघांच्या संचाचं सौंदर्य तिथेच आहे, असं आम्ही मनापासून मानतो.

‘फोर ऑन सिक्स’ घ्या. जी मायनर, 16 बार (चार मात्रांचा एक बार), आणि ढाचा गर्शविनच्या ‘समरटाइम’चा. वेसची खरी करामत पाचव्या ते आठव्या बारमध्ये आहे. प्रत्येक बारमध्ये दोन कॉर्ड: सी मायनर सेव्हन–एफ सेव्हन, बी फ्लॅट मायनर सेव्हन–ई फ्लॅट सेव्हन, ए मायनर सेव्हन–डी सेव्हन, ई फ्लॅट मायनर सेव्हन–ए फ्लॅट सेव्हन. इतक्या कॉर्डना पूर्ण पकड वापरली तर वेगात हात आखडतो. प्रत्येक कॉर्डचे, मूळ सुरापासून मोजून, फक्त तिसरा आणि सातवा हे दोन सूर ठेवा. सी मायनरचे ई फ्लॅट आणि बी फ्लॅट. एफ सेव्हनला ई फ्लॅट तिथेच थांबतो आणि बी फ्लॅट अर्धा स्वर उतरून ए होतो. पुढच्या तिन्ही जोड्यांत हेच घडतं: एक सूर थांबतो, दुसरा अर्धा स्वर खाली येतो. तिसऱ्या आणि चौथ्या तारेवर दोन बोटांत सगळं बसतं, आणि मूळ सूर बासकडे असल्यामुळे कानाला काही कमी पडत नाही.

थीममध्ये बासची एक ठरलेली फ्रेज आहे; सोलो सुरू झाला की बास ‘वॉकिंग’ चालीत, म्हणजे मात्रेगणिक एक सूर घेत, चालू लागतो. नव्या मांडणीत आम्हाला सर्वांत फळणारा बदल म्हणजे सोलोपुरत्या त्या चार बारना दुप्पट लांबी देणं, प्रत्येक कॉर्डला एक पूर्ण बार. आवर्तन 20 बारचं होतं आणि साखळीतला उतार निवांत ऐकू येतो. धोका एकच. दोन-तीन आवर्तनांनंतर सवयीने कुणीतरी परत 16 वर घसरतं. त्यावर उपाय म्हणून ड्रमरने पाचव्या बारच्या सुरुवातीला आणि तेराव्या बारला, म्हणजे जी मायनर परत येतो तिथे, ड्रमच्या कडेवर (रिमवर) एक स्पष्ट आघात द्यावा. याच रचनेला सात मात्रांत बसवण्याची कल्पना हमखास निघते. ती सोडून द्यावी असं आमचं मत. एक मात्रा कापली की बासची फ्रेज लंगडते, आणि ती फ्रेज हीच या रचनेची ओळख आहे.

‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ बी फ्लॅटमध्ये, सहा मात्रांचे 12 बार किंवा तीन मात्रांचे 24, मोजा कसेही. साधा ब्लूज हातात बसलेला माणूस इथे चौथ्या बारमध्ये चुकतो. तिथे बी मायनर सेव्हन–ई सेव्हन येतो, तीन-तीन मात्रा. बी फ्लॅटला सा मानलं तर रचना क्षणभर कोमल ऋषभावर जाते, मग तीव्र मध्यमावर, आणि तिथून पाचव्या बारमध्ये शुद्ध मध्यमावर उतरते. असं गाऊन बघितलं की चूक होत नाही; नुसती कॉर्डची नावं घोकली की होते. बासने त्या बारच्या पहिल्या मात्रेवर बी ठणकावून द्यावा, आजूबाजूचे सूर न घेता.

सहा मात्रा दिसल्या की दादरा लावायचा मोह आपल्याकडे फार. दादऱ्यात वजन एकवर आणि खाली चारवर. या रचनेत राइड सिंबल लांब-आखूड झुलते आणि हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजेची जोडी) प्रत्येक तिनाच्या दुसऱ्या मात्रेवर पडते. ठेका धरला की ते झुलणं सपाट होतं आणि सुरावट ताठर वाटते. तबला घ्यायचाच असेल तर सोलोच्या मध्यात, गिटार थांबवून, बासबरोबर घ्यावा. एरवी ड्रमरनेच तीन मात्रांत दोन समान आघात अधूनमधून टाकले की आडलयीचा आनंद पुरेसा मिळतो.

आता ऑक्टेव्ह. सहावी-चौथी आणि पाचवी-तिसरी या जोड्यांत वरचा सूर दोन पडदे पुढे, चौथी-दुसरी आणि तिसरी-पहिली या जोड्यांत तीन पडदे पुढे. मधली तार पहिल्या बोटाच्या पोटाने दाबून मुकी करायची आणि अंगठा तिन्ही तारांवरून एकाच झटक्यात खाली न्यायचा. प्लेक्ट्रमने (नखीने) केलं तर कडा टोचते. बोटांनी उपटलं तर दोन्ही सूर सुटे येतात आणि मुक्या तारेचा तो ‘थप्प’ जातो. त्रिकूटात खालच्या दोन जोड्या टाळाव्यात, कारण तिथला खालचा सूर बासच्याच पट्ट्यात पडतो आणि दोघंही गढूळ होतात. वेसच्या सोलोत आधी एकेरी सूर, मग ऑक्टेव्ह, मग कॉर्ड अशी चढण असते. ती घेतली तरी प्रत्येक रचनेत घेऊ नका. एका कार्यक्रमात दोनदा पुरे.

तारा फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत), जाडी 12 ते 52 (इंचाचे हजारांश), तिसरी तारही गुंडाळलेली. 10 च्या सेटवरून थेट 12 वर गेलात तर नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा अरुंद पडतात, तार अडकते आणि सूर लावताना टणकन उडी मारते; खाचा घासून घ्याव्या लागतात. ट्रस रॉड (मानेतली ताण-सळई) एका वेळी पाव फेरा, मग एक दिवस थांबायचं. तिसऱ्या तारेचा सॅडल (ब्रिजवरचा टेकू) मानेकडे सरकवावा लागतो, नाहीतर बाराव्या पडद्यावर ती बेसूर बोलते. पिकअप मानेजवळचा, टोन दहापैकी तीन-चारवर.

ग्वाल्हेरचा मे महिना पोकळ गिटारला फार कठीण जातो. कोरड्या लूमध्ये लाकूड आकसतं, पडद्यांची टोकं बाहेर येऊन बोटांना लागतात, वरची फळी बसते आणि तारा झणझणू लागतात. पावसाळ्यात उलट, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा 45 ते 55 टक्क्यांत राखा. कूलरसमोर वाद्य कधीही ठेवू नका. तासाभराची ओल आणि लगेच कोरडी हवा, यानेच जोड सुटतात.

उभा बास मिळाला तर उत्तमच. इलेक्ट्रिक बासवर फ्लॅटवाउंड तारा लावून, ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची पट्टी सारून, मानेजवळ अंगठ्याने वाजवलं तर सूर लवकर विझतो आणि बराचसा तोच परिणाम मिळतो. भाड्याच्या ड्रमसेटला बहुधा 22 इंची किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि आत उशी असते. उशी काढा, चामडं चढवा. ब्रश वाजवायचे तर स्नेअरचं चामडं खरखरीत लेपाचं हवं. गुळगुळीत पारदर्शक चामड्यावर ब्रशची सरसर येतच नाही. 14 इंची लेपाचं एक चामडं स्वतःबरोबर न्यावं.

साउंडवाल्या भैयांना आधीच सांगा: ड्रमवर एक माइक वर, एक किकला, बस. शंभर माणसांच्या सभागृहात गिटारच्या अँपला माइक नको. बास वाढवलेला असेल तर सरळ मध्यावर आणायला सांगा, नाहीतर चालत्या बासचे सूर एकमेकांत मिसळून नुसती घरघर होते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत अर्थिंग नसणं नवीन नाही. तारांना हात लावल्यावर गुणगुण थांबत असेल तर अर्थिंग आणि शील्डिंग दोन्ही तपासा. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या आणि माइकला ओठ लावण्यापूर्वी टेस्टर लावून बघा.

क्रम लावताना दोन पथ्यं. ‘फोर ऑन सिक्स’ आणि ‘रोड साँग’ दोन्ही जी मायनर, तर ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ आणि ‘फुल हाउस’ दोन्ही तिनाच्या चालीत. या जोड्या शेजारी नकोत. ‘डी नॅचरल ब्लूज’ने सुरुवात करावी. डी सुरात बासची उघडी तार मिळते आणि मध्यम वेगात तिघांचे कान जुळतात. मग ‘फोर ऑन सिक्स’, ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’, ‘बंपिन ऑन सनसेट’, ‘रोड साँग’ आणि शेवटी ‘फुल हाउस’. ‘बंपिन ऑन सनसेट’च्या मूळ मुद्रणात तंतुवाद्यांचा ताफा आहे, तो गिटारने भरून काढायचा प्रयत्न करू नये. सुरावट बासला द्यावी आणि गिटारने दोन बारमागे एक कॉर्ड ठेवावा. बासच्या सोलोमागेही हेच प्रमाण, आणि ड्रमवर काठ्या खाली ठेवून ब्रश. गिटार पूर्ण गप्प बसली तर तिसऱ्या आवर्तनापर्यंत बासवाल्यालाच आपण कुठे आहोत हे कळेनासं होतं.

शेवट मात्र प्रत्येक रचनेचा तालमीतच ठरवा: कितव्या बारला, कोणत्या मात्रेवर, आणि खूण कोणाची. ‘फुल हाउस’मध्ये आम्ही खूण ड्रमरकडे देतो, कारण गिटार आणि बास दोघांचेही डोळे तेव्हा पडद्यांवर असतात.