पाणी नितळ, तळ गुदमरलेला

कुल्लू जिल्ह्यात तीर्थन नदीला मिळणाऱ्या एका नाल्यावरचं हे ऑक्टोबरअखेरचं काम. उंची साधारण 1,600 मीटर. वरच्या उतारावर रस्ता रुंद करताना निघालेला मलबा पावसाळ्यात नाल्यात उतरला होता; त्यानं नाल्याचं काही बिघडलं का, एवढंच पाहायचं होतं. वेळ मुद्दाम निवडलेली. पावसाळी लोंढा ओसरलेला असतो, आणि ब्राउन ट्राउट माशाचा खडी उकरून अंडी घालण्याचा हंगाम अजून भरात आलेला नसतो. एकदा अंडी पडली की त्या पात्रात गमबूट घालून फिरणं म्हणजे ती पायाखाली तुडवणं.

दोन ठिकाणं निवडली, एक मलब्याच्या वर आणि एक अर्धा किलोमीटर खाली. दोन्हीकडे खळाळ, तळाला गोटे, उतार, सावली आणि पात्राची रुंदी जवळपास सारखी. हे साम्य नसेल तर पुढची तुलना फुकट जाते. सुरुवात खालून करायची आणि वर सरकायचं, नाहीतर वर ढवळलेला गाळ आणि सुटलेल्या अळ्या वाहत येऊन खालच्या नमुन्यात शिरतात.

खालच्या ठिकाणी तापमान 9.8 अंश, पीएच 7.6, विद्युतवाहकता (तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो) 72 मायक्रोसीमेन्स, गढूळपणा 2 एनटीयू, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 9.2 मिलिग्रॅम. वरचे आकडे जवळजवळ तेच. इतक्या कमी क्षारांच्या थंड पाण्यात पीएच मीटर सावकाश स्थिरावतो, पाचेक मिनिटं थांबल्याशिवाय आकडा लिहू नये. ऑक्सिजनचं आणखी एक आहे. समुद्रसपाटीच्या कोष्टकात 10 अंशांना संपृक्तता, म्हणजे पाण्यात मावेल तेवढा ऑक्सिजन, 11.3 मिलिग्रॅम दिलेली असते, त्यामुळे 9.2 पाहून पाण्यात ऑक्सिजन कमी आहे असं वाटतं. या उंचीवर हवेचा दाबच कमी, त्यामुळे संपृक्तता 9.3 च्या आसपास येते. म्हणजे पाणी ऑक्सिजननं भरलेलंच होतं. महाबळेश्वरच्या ओढ्यांवर काम करणाऱ्यांनाही ही दुरुस्ती करावी लागते.

मीटरवर विसंबायचं नाही म्हणून ऑक्सिजन रसायनांनी मोजायच्या विंकलर पद्धतीनंही तपासलं. 300 मिलीच्या बाटलीत एकही बुडबुडा न ठेवता पाणी भरायचं, त्यात 2 मिली मँगनीज सल्फेट आणि 2 मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड. तपकिरी साका बसला की 2 मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, मग थायोसल्फेटचं अनुमापन, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंब थेंब सोडून किती लागलं ते मोजायचं. आकडा मीटरशी जुळला. कागदावर दोन्ही ठिकाणं उत्तम.

मग दगड उचलले. वरच्या ठिकाणी गोटा सहज हाती येतो. उलटा केला की चपट्या मेफ्लाय अळ्या सरसर कडेला पळतात, खोबणीत पर्लिडी कुळातली मोठी स्टोनफ्लाय अळी दबा धरून असते, वाळूचे कण चिकटवून बांधलेली कॅडिसफ्लायची घरटी असतात. हे तिन्ही उडणारे कीटक, अळीपण पाण्यात काढणारे. पर्लिडी अळीला वाढायला दोन-तीन वर्षंही लागतात. ती दिसली म्हणजे तेवढा काळ नाला ठीक वागला. खालच्या ठिकाणी तसाच गोटा बोटं खुपसून ओढावा लागला, निघताना चिखलातून पाय सुटावा तसा आवाज आला आणि पाण्यात राखाडी लोट उठला. अर्ध्याहून अधिक दगड बारीक गाळात रुतलेला, खालची बाजू काळपट, तिथे जवळपास काहीच नाही. गोटा पाव भागापर्यंत रुतलेला चालतो. अर्ध्याच्या पुढे गेला की तळातल्या फटी बुजलेल्या असतात.

कीटकांसाठी सर्बर जाळी वापरली, चौकट 30 बाय 30 सेंटिमीटर, जाळीचं छिद्र 500 मायक्रॉन. तोंड प्रवाहाकडे ठेवून चौकटीतला प्रत्येक दगड हातानं चोळायचा, मग तळ 5 सेंटिमीटरपर्यंत ढवळायचा. गाळ असला की जाळी तुंबते, पाणी आत शिरण्याऐवजी तोंडातून उलटं फिरतं आणि अळ्या बाहेर निसटतात. मग खालचे कीटक गाळामुळे कमी की जाळीमुळे, हे सांगता येत नाही. म्हणून दोन्ही ठिकाणी थोडं थोडं ढवळून जाळी पुन्हा पुन्हा बादलीत रिकामी केली, बादलीतलं पाणी फिरवून अळ्या वेगळ्या केल्या आणि 80 टक्के अल्कोहोलात भरल्या. चिठ्ठी पेन्सिलनं लिहून बाटलीच्या आत टाकायची. पेनची शाई अल्कोहोलात विरघळते.

ओळखताना हिमालयात एक फसगत ठरलेली. एपिओरस ही मेफ्लाय अळी दोन शेपट्यांची असते, आणि दोन शेपट्या म्हणजे स्टोनफ्लाय असं नवखे समजतात. पायाचं टोक भिंगाखाली पाहावं: मेफ्लायला एक नखी, स्टोनफ्लायला दोन. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या कडेनं, हाही पुरावा.

कीटकांच्या कुळांना, प्रदूषण जितकं कमी सोसतं तितके जास्त, असे गुण देऊन सरासरी काढली तर वर 6.4, खाली 5.4. फरक आहे, पण धडकी भरावी असा नाही. याचं कारण पद्धतीतच आहे. कूळ सापडलं की गुण मिळतो, मग अळी एक असो वा साठ. वरून प्रवाहाबरोबर अळ्या सतत वाहत येतात, त्यातली एखादी खालच्या जाळीत येतेच. गाळाचा मार संख्येत दिसतो, आणि संख्येत खालचं ठिकाण वरच्याच्या पाव भागावर आलेलं होतं. खाली उरलेल्यांत कायरोनोमिडी, म्हणजे चिलटासारख्या माश्यांच्या अळ्या, आणि गांडूळवर्गी किडे बहुसंख्य, दोन्ही गाळ सोसणारे. केवळ गुणांची बेरीज करून कामाची फाइल बंद करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

खरी मोजणी मात्र खडीच्या आत होती. टोकाला छिद्रं असलेली पोलादी नळी 15 सेंटिमीटर खोल ठोकली, कारण ट्राउट अंडी साधारण तेवढ्या खोलीवर पुरतो. मोठ्या सिरिंजनं पाणी अगदी हळू ओढलं. घाई केली की वरचं पाणीच नळीशी उतरतं. खडीतल्या पाण्याची वाहकता प्रवाहापेक्षा थोडी जास्त आली, म्हणजे नमुना आतलाच. वरच्या ठिकाणी खडीत ऑक्सिजन 8.5 मिलिग्रॅम. खाली 3.9. वीत-दीड वीत वर 9.2 चं पाणी खळाळत होतं.

पाणी 5 अंशांच्या आसपास असेल तर अंडी फुटायला 80 ते 90 दिवस लागतात. तेवढे दिवस त्या अंड्यांना हेच पाणी. पिल्लं फुटलीच तरी बुजलेल्या फटींतून वर येणं कठीण. ट्राउट परदेशातून आणलेला मासा आहे. मला जास्त काळजी इथल्या मूळच्या स्नो ट्राउटची, उत्तराखंडात ज्याला असेला म्हणतात. तोही खडीतच अंडी घालतो, शिवाय दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. शेवाळावर गाळ बसला की त्याचं अन्नही गेलं.

अहवालात रुतलेल्या गोट्याचे फोटो आणि खडीतला ऑक्सिजन पहिल्या पानावर घेतला, प्रवाहातल्या पाण्याचं कोष्टक मागे. शिफारस अशी की यंत्र घालून तळ उकरू नये, त्यानं उरलीसुरली खडीही हलेल. आधी उतारावरचा मलबा दगडी क्रेटच्या, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून रचलेल्या, भिंतींनी अडवावा. वरून गाळ येणं थांबलं तर वसंतात बर्फ वितळून आलेलं जोराचं पाणी फटी हळूहळू धुऊन काढू शकतं. दरम्यान डोळे दिसू लागलेली ट्राउटची अंडी, डब्यात 100 या हिशेबानं, जाळीच्या डब्यांत भरून दोन्ही ठिकाणी खडीत पुरायची आणि फुटायची मुदत संपल्यावर डबे काढून जिवंत पिल्लं मोजायची. नळीची मोजणीही त्याच दिवशी, त्याच जागी.