सासूबाईंनी वाचून दाखवलेलं 'धग', आणि बाकीची पुस्तकं

'धग' मी कॉलेजात असताना एकदा हातात घेतलं होतं आणि पंचवीसेक पानांवर सोडून दिलं होतं. संवाद सगळे वऱ्हाडी, आणि पुण्यात वाढलेल्या मला प्रत्येक वाक्य मनातल्या मनात दोनदा वाचावं लागायचं. यंदा पावसाळ्यात अमरावतीला सासरी दीड महिना राहणं झालं, कपाटात तेच पुस्तक दिसलं म्हणून एका दुपारी सासूबाईंच्या शेजारी बसून मोठ्याने वाचायला लागले. दोन पानं त्यांनी ऐकून घेतली आणि मग म्हणाल्या, "असं नाई वाचत माय, आन इकडे." आणि चष्मा लावून त्यांनीच सुरुवात केली.

खरं सांगते, पुस्तकच बदललं. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी 1960 सालची, कौतिक नावाच्या बाईची. नवरा महादेव शिंपी, हातात कसब आहे पण धड काही करत नाही, आणि संसार ही बाई मजुरी करून ओढते. मला कागदावर जे अवघड वाटत होतं ते सासूबाईंच्या तोंडून नुसतं बोलणं होतं, कुठे चिडून, कुठे लाडात, कुठे आवाज खाली घेऊन. कौतिक नवऱ्याला बोलते ते सगळं भांडण आहे असं मला वाचताना वाटलं होतं, त्यांनी वाचलं तेव्हा कळलं की त्यातलं निम्मं तरी आर्जव आहे. मधेच पुस्तक मांडीवर ठेवून त्या त्यांच्या आईच्या निंदणाच्या मजुरीबद्दल सांगायच्या, मग परत कौतिककडे. आम्हाला बारा दिवस लागले. शेवटाकडे, महादेवच्या आजारानंतरचं सगळं, त्या वाचता वाचता थांबायच्या आणि पाणी प्यायच्या. लेखक कुठेही "बघा बिचारी" म्हणत नाही, आणि म्हणूनच ते सहन करणं अवघड जातं असं मला वाटतं.

मग सवयच लागली, रोज दुपारी जेवणं झाली की एक तास.

'स्मृतिचित्रे' त्यांना माहीत होतं, शाळेत धडा होता म्हणाल्या, पण अख्खं पुस्तक कधी वाचलेलं नव्हतं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र 1934 पासून भागाभागाने आलं. लक्ष्मीबाईंना शाळा नाही, लिहावाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. सुरुवातीलाच वडिलांचं सोवळ्याचं वेड येतं आणि आम्ही दोघी हसून हसून दमलो, आणि दुसऱ्या क्षणी लक्षात आलं की त्या घरातल्या बायका-पोरांचे हाल चाललेत. बाई दुःख सांगताना हसवते पण दुःख लपवत नाही, हे कसं जमतं मला अजून कळलेलं नाही. 1895 साली त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हाचा सगळा भाग, तो आकांत, आणि मग काही वर्षांनी स्वतःच्या मनातला जातीचा विटाळ हळूहळू गळून पडणं, हे इतकं सावकाश आणि खरं आलंय की मत कसं बदलतं ते कोणाला समजून घ्यायचं असेल तर मी हेच पुस्तक हातात देईन.

'बनगरवाडी' ठीक चाललं होतं. म्हणजे पुस्तक माझं अतिशय आवडतं, व्यंकटेश माडगूळकरांचं एक वाक्य कमी करता येत नाही, पण ते बोलकं नाही, शांत आहे, माळरान बघत बसावं तसं. कारभारी आणि तरुण मास्तर यांच्यातलं प्रेम मात्र सासूबाईंना फार भावलं, आणि दुष्काळात वाडी रिकामी होते तिथे त्या नुसत्या "व्हय, असंच होते" म्हणाल्या.

'रणांगण' मी एकटीने वाचलं. विश्राम बेडेकरांची 1939 ची छोटीशी कादंबरी, युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तीवर हिटलरच्या जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, आणि चक्रधर आणि हॅर्टा. एका रात्रीत संपलं. चक्रधरचा मला दरवेळी राग येतो, स्वतःच्या जुन्या जखमेपायी तो समोरच्या बाईला पूर्ण मन देत नाही, आणि तिच्याकडे तर देश पण उरलेला नाही. महायुद्ध पेटायच्या सुमाराला एका मराठी माणसाने हे लिहून ठेवलं, ह्याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आणि 'बलुतं'. दया पवारांचं, 1978 चं दलित आत्मकथन. आपल्यातल्याच दगडूला बोलतं करायचं आणि आपण ऐकायचं अशी त्याची मांडणी, त्यामुळे मोठ्याने वाचायला अगदी योग्य असं मला वाटलं होतं. वाचत मी होते. मुंबईतल्या कावाखान्याची पानं झाली, गावाकडची सुरू झाली, आणि तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, थांब जरा. मग बराच वेळ गप्प. मग त्यांच्या माहेरच्या विहिरीचं सांगितलं, कोण कोणाच्या घागरीत वरून पाणी ओतायचं, लहानपणी त्या स्वतः पण तसंच ओतायच्या, हात लागू नये म्हणून दोर आखडून. "मले तवा काईच वाटलं नाई वं," म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात हे त्यांनी घरात कोणाला सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी पुढे वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि खुणेचं पान काढून दिलं, आणि मग आम्ही शेवटपर्यंत वाचलं.

आता परत पुण्यात आलेय. आनंद यादवांचं 'गोतावळा' आणून ठेवलंय, शेतात ट्रॅक्टर येतो आणि नारबाची जनावरं एकेक करून जातात ते, पण भाषा कोल्हापूरकडची आहे, आणि ती माझ्या डोळ्यांनी वाचून पुन्हा तेच होईल अशी भीती वाटते. ओळखीत कागलकडचं कोणी असेल आणि फोनवर तासभर वाचून दाखवायला तयार असेल तर खरंच कळवा. सासूबाईंना पण त्या कॉलवर घ्यायचंय, त्यांनी तसं दोनदा विचारलंय.