तुम्ही विचारलंत म्हणून: यातला नर कुठला?

मोबाइल पुढे करून "हा नर की मादी?" असं कोणी ना कोणी मला विचारतंच. फोटोत टाकीतल्या माशाचं बोटाच्या पेराएवढं पिल्लू, तेही हललेलं. माझं उत्तर ठरलेलं: अजून थोडं वाढू द्या.

क्रिबेन्सिस हा छोटा शोभेचा मासा असेल तर फार डोकं लावावं लागत नाही. बुटकी, गोलमटोल, पोटावर गडद लाल-जांभळा डाग असलेली ती मादी. नर लांबट, त्याच्या पाठीवरच्या पराचं टोक अणकुचीदार. रॅम या दुसऱ्या छोट्या माशाच्या बाबतीत मात्र लोक फसतात. पाठीवरचे पुढचे काटे लांब म्हणजे नर, हा नियम टाकीत पैदास केलेल्या रॅमना फारसा लागू पडत नाही. माद्यांचेही काटे चांगले लांब असतात. मी आधी पोट बघतो. गुलाबी झाक दिसली की बहुधा मादी. अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळ्या टिकल्या चमकत असतील तर खात्री आणखी वाढते.

अ‍ॅपिस्टोग्रामा या छोट्या माशांच्या गटाची गोष्ट वेगळी. मी त्यातल्या कॅकाटुऑइडिस जातीचा एक नर आणि तीन माद्या आणल्या होत्या. नर सात-आठ सेंटिमीटरचा, पाठीवर तुरा, शेपटीत केशरी ठिपके. माद्या जेमतेम पाच सेंटिमीटर. त्यांतल्या दोघी पिल्लं सांभाळताना पिवळ्याधमक व्हायच्या, पोटाखालच्या परांची पुढची कड काळीकुट्ट. तिसरी कायम फिकट, कोपऱ्यात. तिला आम्ही 'धाकटी' म्हणायचो.

सहा महिन्यांनी मोठ्या नराला दुसऱ्या टाकीत हलवलं. पंधरवड्यात धाकटीच्या पाठीवर तुरा उगवला, जबडा जड झाला, शेपटीत केशरी उतरलं! तो मुळात नरच होता. दांडगा नर समोर असेपर्यंत मादीसारखा राहून मार चुकवत होता. या जातीत असे छुपे नर निघतात.

म्हणून जोडी म्हणून दोनच मासे घेऊ नका, सहा पिल्लं घ्या. तीही जमल्यास वेगवेगळ्या विणीतली. रोमर आणि बायझेनहेर्झ या संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिलं की अ‍ॅपिस्टोग्रामाच्या पिल्लांचं लिंग पाण्याच्या तापमानावरही ठरतं. पाणी गरम असेल तर नर जास्त. एकाच गरम टाकीतली सहाही भावंडं नर निघू शकतात.

आणि हो, मोठा नर टाकीत असताना झालेल्या पिल्लांपैकी काही धाकटीचीच असावीत, असा मला दाट संशय आहे.