तुम्ही विचारलंत म्हणून: रोज आभार कशाचे?

"घरात एवढं आजारपण, तरी रोज देवाचे आभार कशाचे मानता?" लोकलमध्ये, सोसायटीत, कधी चर्चच्या दारातही हे विचारतात. आवाजात काळजी असते, म्हणून नीट सांगते.

आमच्या ह्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, दर वेळी चार तास. निरोगी मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, हे मला पन्नाशीत कळलं. इतकी वर्षं माझ्या शरीरात हे काम बिनबोभाट चाललं होतं आणि त्याबद्दल मी देवाजवळ कधी एक शब्द काढला नव्हता. आभार मानायची, पण 'सर्व उपकारांबद्दल', असे ठोक.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि परत येतो एकटा, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. बाकीचे नऊ वाईट होते असं मला वाटत नाही. याजकांकडे, म्हणजे मंदिरातल्या पुरोहितांकडे जा, हे येशूनेच सांगितलं होतं. ते सांगितल्या वाटेने चालत राहिले. ह्या एकाने स्वतःच्या अंगाकडे पाहिलं आणि त्याचं पाऊल पुढे पडेना.

म्हणून कामावरून येताना मी घराकडे वळायच्या आधी ठाण्याच्या तलावपाळीवर दहा मिनिटं टेकते. जांभळी नाक्याची गर्दी मागे ठेवून दिवस उलटा आठवते. आज सुई पहिल्याच वेळी बसली. ह्यांना पाणी मोजूनच प्यायचं असतं; बाटलीवर खूण केलेलं रात्रीपर्यंत पुरलं. गाडीत एका मुलीने उठून जागा दिली. एकेक नाव घेऊन सांगते.

आजाराबद्दल आभार मानत नाही. 'यातही देवाची योजना असेल' असं कुणी म्हणालं की अजून टोचतं. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' हे बायबलमधलं प्रेषित पौलाचं वचन आमच्या स्वयंपाकघरात लग्नापासून टांगलेलं आहे. आजाराच्या पहिल्या वर्षी ती चौकट मी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला विचारतो, मला कुठवर विसरणार? काही संध्याकाळी मीही तेवढंच विचारते आणि उठते. तीही प्रार्थनाच आहे.

परवा जेवायला बसलो तर हे म्हणाले, "आज तू राहू दे, मी करतो." मोठ्याने प्रार्थना करायचा त्यांचा स्वभाव नाही. डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, आज हिला तलावावर बसायला जागा मिळाली, त्याबद्दल तुझे आभार."