गोचिडांना सुट्टी नसते

बेटावर राहायला आलो त्याला आता चौदा महिने झाले. निघण्याआधी मी एक वही केली होती आणि तिच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ऊन. आमचा कुत्रा भालू अकरा वर्षांचा, दाट दुहेरी केसांचा, जन्म थंड गावात काढलेला. मला स्वप्नंसुद्धा उन्हाची पडायची. आमची कुत्री चिंगी, तिची काळजी नव्हती. ती तीन वर्षांची, आखूड केसांची, कुठेही टाकली तरी रुजेल अशी. आजारी पडली ती चिंगीच.

पण आधी भालूचं सांगते. पहिल्या आठवड्यात पारा ३१ च्या वर फारसा गेलाच नाही. जुन्या गावीही उन्हाळ्यात दोन-चार दिवस इतकं व्हायचं आणि तो सावलीत पडून निभावून न्यायचा. इथे मात्र सकाळी आठला वीस मिनिटं फिरून आला आणि पुढे अर्धा तास धापा टाकत राहिला. जीभ रुंद झालेली, लाळ घट्ट आणि चिकट. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, आणि तोही नावापुरता. बाकी सगळी उष्णता धापा टाकून, जिभेवरचं पाणी उडवून बाहेर काढायची. हवाच पाण्याने ठासून भरलेली असेल तर ते पाणी उडणार कुठे? म्हणजे पहिल्या पानावर 'दमटपणा' लिहायला हवं होतं.

त्या दिवशी मी घाबरून त्याच्या अंगावर ओला टॉवेल टाकला. तेही चूकच. टॉवेल थोड्याच वेळात कोमट होतो आणि उष्णता आतच कोंडून ठेवतो. पाणी थेट अंगावर, पोटाखाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला ओतायचं आणि पंखा लावायचा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ४१ ला पोचलं तर जिवावरची वेळ. तेव्हापासून थर्मामीटर दाराजवळच्या खणात असतो. केस भादरून टाका, असा सल्ला तर येता-जाता मिळतो. आम्ही ऐकला नाही. वरचे केस ऊन अडवतात. काढायची असते ती आतली सुटलेली लोकर. रोज विंचरतो, रोज एक उशी भरेल इतकी निघते.

मग घड्याळच फिरवलं. पहाटे पाचला एक फेरी, दुसरी रात्री नऊनंतर. दुपारी घरातच खाऊ लपवून हुंगत शोधायला लावायचं. वीस मिनिटं नाक चालवलं की भालू तासभर चालून आल्यासारखा झोपतो. खरं तर हे आम्ही जुन्या घरीही करायला हवं होतं.

आता चिंगी. जुन्या गावी गोचिडांचं औषध आम्ही फक्त उन्हाळ्यात द्यायचो. थंडी पडली की गोचीड दिसेनासे व्हायचे. सामान हलवण्याच्या धांदलीत इथला पहिला डोस तीन आठवडे लांबला. इथल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर शांतपणे सांगितलं, "इथे हिवाळा नाही, त्यामुळे गोचिडांना सुट्टी नाही. तुम्हालाही नाही."

तपकिरी गोचीड घरात राहूनही आपली सगळी पिढी वाढवू शकतो, हे मला माहीत नव्हतं. एक मादी काही हजार अंडी घालते, तीही भिंतीच्या फटीत, गादीच्या शिवणीत. मी कुत्रीच्या अंगावर शोधत होते आणि ते पडद्यामागून वर चढत होते. चिंगीने एक दिवस खाणं सोडलं. दुसऱ्या दिवशी हिरड्या फिकट दिसल्या, पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले, संध्याकाळी नाकातून रक्त आलं. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स तळाला गेलेल्या. एर्लिकिया निघाला, म्हणजे गोचीड-ताप. चार आठवडे डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक. तिसऱ्या दिवशी ती उठून दारापर्यंत गेली तेव्हा मी रडले. नवरा म्हणाला, त्याच्या डोळ्यांत काहीतरी गेलंय.

आता डोसची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने असते. त्यातच हार्टवर्मची महिन्याची गोळी. डास चावून हे जंत शिरतात आणि हृदयाच्या व फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत फूटभर वाढतात. गोळी सुरू करण्याआधी रक्ततपासणी लागते आणि सहा महिन्यांनी पुन्हा एकदा, कारण ताजी लागण पहिल्या तपासणीत दिसतच नाही.

पाऊस लागला की अंगणात बेडूक येतात. मुठीएवढे, खरबरीत, डोळ्यांमागे विषाच्या फुगीर ग्रंथी. उसातले किडे खातील म्हणून माणसानेच हे केन टोड बऱ्याच बेटांवर नेऊन सोडले, हवाईत १९३२ साली. आमच्यासारखेच उपरे. चिंगीने एकाला चाटलं आणि तोंडाला फेस आला. अशा वेळी ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुन्हा पुन्हा पुसायची, धुताना तोंड खाली ठेवायचं म्हणजे पाणी घशात जात नाही, आणि लगेच डॉक्टर गाठायचा. ती थोडक्यात बचावली. रात्री अंगणात तिला आता पट्ट्याशिवाय सोडत नाही.

समुद्राचं म्हणाल तर भालूला तो आवडलाच नाही, लाट आली की पाठ फिरवतो. चिंगी मात्र खारं पाणी पिते आणि मग रात्रभर जुलाब. म्हणून गोड्या पाण्याची बाटली सोबत, घरी आल्यावर अंग धुणं, आणि लोंबते कान आतून कोरडे करणं. कानाला आंबूस वास आला की समजायचं, बुरशी धरली. डबक्यांतलं पाणी तर अजिबात नाही. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, तो माणसांनाही होतो. लस दरवर्षी. कोरड्या खाण्याची मोठी गोणी आणायचं सोडलं, कारण एकदा तळाशी बुरशी सापडली. बागेतलं देखणं सायकसही उपटलं. त्याच्या बिया कुत्र्याचं यकृत निकामी करतात आणि चिंगी सगळं चावून बघते.

भालूसाठी मी जाळीची उंच खाट घेतली होती, खालून वारा लागावा म्हणून. तिच्यावर चिंगी झोपते. भालूने स्वतःची जागा स्वतः शोधली: बाथरूममध्ये, मोरीच्या तोंडाशी, पोट फरशीला चिकटवून. आंघोळीला जायचं तर त्याला ओलांडून जावं लागतं. तो एक डोळा उघडून बघतो, उठत नाही.