लंडन–न्यूयॉर्क : जाताना आठ तास, येताना सात

लंडनच्या हीथ्रोहून न्यूयॉर्कच्या जेएफकेचं अंतर साधारण ५,५४० किलोमीटर. परतीचंही अर्थात तेवढंच. तिकिटावर मात्र जायला आठ तास आणि यायला जेमतेम सात. मधला तासभर कुठे जातो, ते समोरच्या सीटच्या पाठीवरच्या स्क्रीनवर स्वच्छ दिसतं. सिनेमे सोडून मी तो नकाशाच बघत बसतो. शेजाऱ्याला माझा स्क्रीन बिघडलाय असं वाटत असावं.

न्यूयॉर्क लंडनपेक्षा जवळपास ११ अंश दक्षिणेला आहे, तरी उडाल्यावर विमानाचं नाक वायव्येला. आयर्लंड मागे टाकून, समुद्र ओलांडून न्यूफाउंडलंडकडून खाली. सपाट नकाशावर हा उगाचचा वळसा वाटतो, पण पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तो याच वाटेने जाईल.

जाताना जमिनीच्या हिशेबातला वेग ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास रेंगाळत होता. खालच्या ओळीत कारणही होतं : समोरून वारा, ताशी १००. विमान आपलं ९००नेच चाललेलं. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा जेट स्ट्रीम. ध्रुवाकडची थंडी आणि विषुववृत्ताकडची ऊब यांतली तफावत हिवाळ्यात वाढते, तसा त्याचा जोरही. म्हणून अटलांटिकवरच्या हवाई वाटा रोज नव्याने आखतात : पश्चिमेला निघालेल्यांनी वारा चुकवायचा, पूर्वेला निघालेल्यांनी त्यावर स्वार व्हायचं.

परतीच्या रात्री तोच आकडा चढत चढत १,१००च्या पुढे गेला. विक्रम याहून बराच वरचा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये, सियारा वादळाच्या दिवसांत, ब्रिटिश एअरवेजचं ७४७ या मार्गावर ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर. मग ते ध्वनीच्या पुढे गेलं का? छे. तो हिशेब भोवतालच्या हवेशी करायचा, आणि हवाच त्याच्यासोबत धावत होती. ध्वनीला खरोखर मागे टाकायचं ते कॉन्कॉर्ड. १९९६ साली त्याने न्यूयॉर्कहून लंडन २ तास ५३ मिनिटांत गाठलं होतं. २००३ मध्ये ते सेवेतून गेलं.

तिकिटावरची वेळ असते गेटपासून गेटपर्यंतची. धावपट्टीपुढची रांगही त्यातच. आम्हाला वाऱ्याने मिळवून दिलेली मिनिटं लंडनजवळ घिरट्या घालण्यात गेली. वर घड्याळ पाच तास पुढे करायचं. जेवणाचे ट्रे आणि उतरण्याची तयारी वजा केली तर त्या रात्री झोपेला उरतात फार तर चार तास. या प्रवासात मला हेच सगळ्यात जाचतं. वेग कितीही वाढला तरी झोप उलट कमीच होते!

न्यूयॉर्कहून सकाळी निघून रात्री लंडनला पोहोचवणारी मोजकी विमानं आहेत. पुढच्या वेळी त्यातलंच घेणार, आणि खिडकी डावीकडची. उजवीकडे दिवसभर दक्षिणेचं ऊन.